थर्ड इयरपासून इंटर्नशिपपर्यंत: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी वॉर्डातली वाट

लॉगबुकात सही मिळाली की पोस्टिंग झाली, असं आम्ही विद्यार्थी असताना समजायचो. इंटर्नशिपच्या पहिल्या नाईटला वॉर्डात एक स्टाफ सिस्टर आणि मी, दोघीच होतो. सह्यांनी भरलेलं लॉगबुक हॉस्टेलच्या ट्रंकेत पडून होतं. त्या रात्री कामाला आले ते चार-पाच पेशंट. आधीच्या दोन वर्षांत त्यांना मी ॲडमिशनपासून डिस्चार्जपर्यंत धरून राहिले होते. बाकी शंभर प्रोसिजर 'पाहिल्या' होत्या, पण हाताला त्यातली एकही आठवत नव्हती.

म्हणून हा लेख. बी.एस्सी. नर्सिंगच्या पाचव्या सेमिस्टरच्या पुढचे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी डिप्लोमाच्या) तिसऱ्या वर्षातल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. आपल्यातले बहुतेक जण मराठी शाळेतून आलेले, अभ्यास इंग्रजीत, वॉर्डात निम्मे पेशंट कन्नड बोलणारे. ही अडचण आहे तशी ती कामाचीही आहे. ते पुढे येईल.

आधी तासांचा हिशेब

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये नवा अभ्यासक्रम आणला. आठ सेमिस्टर, क्रेडिट पद्धत. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे २० तास, लॅबचं ४० आणि क्लिनिकलचं ८०. परीक्षेला बसायला थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये किमान ८० टक्के हजेरी लागते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते, ही ओळ बऱ्याच जणांना सातव्या सेमिस्टरला कळते.

आता आपल्याकडचं वर्ष बघा. गणपतीत पाच दिवस, सुगीला दोन-चार दिवस, मे महिन्यात तीन लग्नं, गावच्या लक्ष्मीची यात्रा आली तर आठवडाच. असे दिवस सुटत जातात आणि शेवटी त्यांचा ढीग होतो. वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा: विषय, लागणारे तास, झालेले तास, उरलेले तास. दर शनिवारी भरा. ढीग दिसायला लागला की त्याच सेमिस्टरमध्ये ट्युटरना भेटून भरपाईची ड्युटी मागा. मागणाऱ्याला मिळते. शेवटच्या महिन्यात सगळीच रांग लावतात.

पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरला चाइल्ड हेल्थ आणि मेंटल हेल्थ. मिडवायफरी सहाव्यात सुरू होऊन सातव्यात संपते. कम्युनिटी पाचव्यात आणि सातव्यात, रिसर्च सातव्यात. आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिपचं: २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. त्यातले सहा आठवडे ॲडल्ट हेल्थ, बाकी चार विषयांना चार-चार.

खानापूरहून रोज ये-जा करणाऱ्या मुलींना एक सांगणं. जून २०२३ पासून सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, हे चांगलंच झालं. पण गर्दीही तशीच वाढली. आठच्या मॉर्निंगला सव्वाआठला पोचणारी विद्यार्थिनी हँडओव्हर, म्हणजे नाईटच्या सिस्टरने मॉर्निंगवाल्यांना पेशंट समजावून देणं, चुकवते, आणि दिवसातलं सगळ्यात मोठं शिक्षण त्या पंधरा मिनिटांत असतं. पेशंटची रात्र कशी गेली ते फाईलमध्ये अर्धंच असतं. बाकीचं नाईटच्या सिस्टरच्या तोंडात असतं आणि ती घरी निघालेली असते. निदान इंटर्नशिपपुरती तरी शहरात खोली बघा.

भाषा: हेही एक क्लिनिकल स्किल

तिसऱ्या वर्षाला असताना सौंदत्तीकडच्या एका आजी माझ्या बेडला होत्या. म्हणाल्या, "एदि उरियाकत्तैति." छातीत जळजळ होतेय, एवढं मला कळलं. मी नोट्समध्ये ॲसिडिटी लिहून मोकळी झाले. आजींना घाम फुटला होता, डावा हात त्या सारख्या चोळत होत्या, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी मी ते लिहिलं नाही. शब्दाचा अर्थ लागल्याच्या आनंदात मी पेशंटकडे बघायचं विसरले. इन्चार्ज सिस्टरनी लांबूनच बघितलं आणि ईसीजी काढायला लावला. तो हार्ट ॲटॅक होता.

त्यातून मी लावून घेतलेली सवय अशी: पेशंटचं वाक्य आधी त्याच्याच शब्दांत लिहायचं, अवतरण चिन्हांत, देवनागरीत लिहिलं तरी चालतं. मग दिसणारी लक्षणं. इंग्रजी शब्द सगळ्यात शेवटी.

बोलीतले शब्द तर मराठीतही फसवतात. "अंगावरून जातंय" म्हणजे पांढरं जातंय की रक्त जातंय? रंग विचारा, वास विचारा, दिवसाला किती कापडं किंवा पॅड बदलावी लागतात ते विचारा. "उष्णता झालीय" म्हणजे कुणाला लघवीला आग असते, कुणाला तोंड आलेलं असतं. "कसर आहे" म्हणणाऱ्याचा ताप मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. "गरगरतंय" म्हटलं की खोली फिरतेय, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की उपाशी आहे? या तिन्हींना पुढची तपासणी वेगवेगळी. चंदगड आणि दोडामार्गकडून येणाऱ्यांचे शब्द आणखी निराळे असतात. न समजलेला शब्द परत विचारण्यात कमीपणा नाही.

कन्नड बोलायला लाजू नका. आपल्याकडच्या रोजच्या कन्नडमधली ही चार-पाच वाक्यं पहिल्या आठवड्यातच तोंडात बसवा:

"एल्लि नोवैत्रि?" कुठं दुखतंय?
"यावाग शुरु आत्रि?" कधी सुरू झालं?
"ऊटा आत्रि?" जेवण झालं का?
"गुळिगि तगोंडीरेन्रि?" गोळ्या घेतल्या का?
"उसिरु जोरागि तगोळ्रि." जोरात श्वास घ्या.

'ब्यानि' म्हणजे दुखणंही आणि बाळंतपणाच्या कळाही, हे लेबर रूमला जाण्याआधीच माहीत असावं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'रि' लावायला विसरू नका. तो राहिला की म्हातारी माणसं तोंड फिरवतात. आपल्याकडे "अहो" न लावता सासऱ्यांना हाक मारावी, तसं ते ऐकू येतं. आणि संमती घेणं, डिस्चार्जच्या सूचना, औषधाचा डोस समजावणं, हे मोडक्या कन्नडवर भागवू नका. कन्नड घरात वाढलेल्या मैत्रिणीला शेजारी उभं करा. तिला मराठी आजीपाशी तुमची गरज पडणारच आहे.

एक आठवडा, एक पेशंट

आता मुख्य काम. वॉर्डात पोस्टिंग लागली की पहिल्याच दिवशी एक पेशंट निवडा, ट्युटरना सांगा आणि त्याला सोडू नका. रोजची नेमून दिलेली कामं होतीलच. हा पेशंट त्यांच्या वर. निवडताना सगळ्यात गंभीर पेशंट घेण्याचा मोह होतो. तो टाळा. पाच-सहा दिवस राहणारा, बोलू शकणारा, दोन-तीन आजार एकत्र असलेला पेशंट सगळ्यात जास्त शिकवतो.

पहिल्या दिवशी फाईल उघडायची नाही. आधी पंधरा मिनिटं पेशंटजवळ बसा, डोक्यापासून पायापर्यंत स्वतः तपासा, मग फाईल वाचा. तुम्हाला सापडलं पण फाईलमध्ये नाही, आणि फाईलमध्ये आहे पण तुम्हाला सापडलं नाही, अशा दोन याद्या होतात. पहिल्या यादीतलं काही महत्त्वाचं वाटलं तर लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा. दुसरी यादी हा तुमचा त्या रात्रीचा अभ्यास.

दुसऱ्या दिवशी औषधं. चार्टवरचं प्रत्येक औषध या पेशंटला का, हे एका ओळीत मराठीत लिहायचं. ड्रग बुकातली साईड इफेक्टची पानभर यादी उतरवण्यात अर्थ नाही. या माणसात त्यातले कोणते दोन आपण बघणार, तेवढं पुरे. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट, आणि तेही एकेकटे वाचायचे नाहीत. परवाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी), कालचं आणि आजचं शेजारी शेजारी मांडा. आकडा कुठल्या बाजूला चाललाय हे बघायची सवय लागली की आयसीयूला निम्मं काम सोपं होतं.

डिस्चार्जच्या दिवशी जाताना पेशंटलाच विचारा, घरी गेल्यावर काय काय करणार? उत्तर ऐकून आपण काय शिकवलं याची खरी परीक्षा होते.

केअर प्लॅन उतरवू नका

निपाणीकडची एक बाई धरूया. वय पंचावन्न, तीस वर्षं विड्या वळतात, साखर वाढलेली, उजव्या पायाला जखम. सीनियरच्या वहीतून आलेला प्लॅन असा असतो: 'आजारामुळे त्वचेला इजा, उद्दिष्ट: जखम बरी होईल, कृती: ड्रेसिंग करणे, जीवनसत्त्वं देणे.' हा प्लॅन कुठल्याही पायाला चालतो, म्हणजे या बाईच्या पायाचा नाही.

आधी डोळ्यांनी दिसतं ते लिहा. जखम तळव्याला, पहिल्या बोटाच्या मुळाशी, तीन सेंटिमीटर बाय दोन, कडा जाड, पिवळा पाझर, वास नाही, बोट लावलं तरी संवेदना कमी, पायाच्या वरच्या बाजूची नाडी लागते. मग कारण शोधा. दिवसभर मांडी घालून बसायचं, अंगणात अनवाणी चालायचं, पायाला खडा टोचला तरी कळत नाही. आता उद्दिष्ट मोजता येईल असं होतं: 'डिस्चार्जआधी बाई रोज संध्याकाळी तळपाय आरशात बघून दाखवतील', 'जेवणाआधीची साखर डॉक्टरांनी ठरवलेल्या १४० ते १८० मध्ये राहील'. कृतीही तिच्या घरातल्याच: तास झाला की उठून चार पावलं चालायचं, अंगणातही चप्पल, आणि विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसताना जखमेचा पाय खाली दाबला जाणार नाही अशी बैठक. तंबाखूची मिसरी लावता का, हेही विचाराच. निपाणी भागात हा प्रश्न विचारला नाही तर तपासणी अपुरी. मिसरीचं उत्तर 'हो' आलं तर तोंड उघडायला सांगून गालाच्या आतून बघा. पांढरा चट्टा, न भरणारा व्रण, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर कळवा.

प्लॅन मनात मराठीत तयार करून मग इंग्रजीत उतरवला तर तो तुमचा राहतो. उलटं केलं की पुस्तकाचा होतो.

हिशेब चुकला तर पेशंट चुकतो

याच बाईला इन्सुलिन लागणार. बाजारात मिलीला ४० युनिटची बाटली असते आणि १०० युनिटचीही. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० युनिटच्या बाटलीतलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने '१०' च्या खुणेपर्यंत भरलं, तर आत ०.२५ मिली जातं, म्हणजे १० ऐवजी २५ युनिट. साखर कोसळते. उलट अदलाबदल झाली तर १० ऐवजी ४ च युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोघींनी मोठ्याने म्हणून ताडून बघायचा.

सलाईनचा हिशेब तोंडी यायला हवा. ५०० मिली ८ तासांत, सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली: ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. हाच फ्लुइड मायक्रो सेटवर, जिथे ६० थेंबांना १ मिली, तिथे ६२ ते ६३ थेंब.

सिरिंज पंपाचा हिशेब पायऱ्यांनी करा. नॉरॲड्रेनालिन (बीपी वाढवायचं औषध) ४ मिलिग्रॅम, एकूण ५० मिली. म्हणजे १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलो, ऑर्डर मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम. मिनिटाला ६, तासाला ३६०. भागिले ८०: तासाला ४.५ मिली. फोनमधलं ॲप वापरा, हरकत नाही, पण आधी कागदावर उत्तर काढून मग ॲपशी ताडा. ॲपमध्ये दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडलं तर कागदाशिवाय ते कळणार नाही.

पोटॅशियम क्लोराईडची १५ टक्क्यांची १० मिलीची ॲम्प्युल म्हणजे साधारण २० मिलीइक्विव्हॅलंट. ती सरळ शिरेत कधीच द्यायची नाही. भरपूर सलाईनमध्ये मिसळून, नीट हलवून, सावकाशच. अशी जोखमीची औषधं विद्यार्थ्यांनी एकट्याने भरायची नाहीत. लेखी ऑर्डर, वॉर्डाचा प्रोटोकॉल आणि शेजारी स्टाफ, तिन्ही असल्याशिवाय हात लावू नका. "घाई आहे, तूच भर गं" असं कुणी म्हटलं तरी.

लेबर रूम

इथं केसबुकातला डिलिव्हरीचा आकडा पुरा करायची शर्यत असते. बेड एक, विद्यार्थिनी सहा. मी तुम्हाला वेगळं करायला सांगते. एका बाईजवळ कळा सुरू झाल्यापासून वार पडून दोन तास होईपर्यंत थांबा. बाळ येतानाची पाच मिनिटं बघायला सगळे जमतात. खरं शिकण्यासारखं त्याच्या आधीच्या सहा तासांत आणि नंतरच्या दोन तासांत असतं.

पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाची प्रगती मांडायचा तक्ता, बाईजवळ उभं राहून भरायचा, नंतर आठवून नाही. बाळाचे ठोके आणि कळा अर्ध्या तासाने, आतली तपासणी चार तासांनी, बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० मध्ये आहेत का हे बघायचं. जुन्या पार्टोग्राफवर ॲक्टिव्ह फेज, म्हणजे कळांचा जोराचा टप्पा, गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यावर सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या नव्या लेबर केअर गाईडमध्ये ती ५ ला धरतात. तुमच्या लेबर रूममध्ये कुठला कागद आहे ते पहिल्या दिवशीच बघा. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, दोन्ही विचारतात.

पाणमोट फुटली की वेळ, पाण्याचा रंग आणि लगेच बाळाचे ठोके, हे तिन्ही एका दमात. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत. बाळ रडत नसेल तर पुसणं, ऊब, तोंड मोकळं करणं आणि गरज पडली तर बॅग-मास्कने श्वास सुरू करणं, हे सगळं पहिल्याच मिनिटात. बॅग आणि मास्क बाईला टेबलावर घेण्याआधीच स्वतःच्या हाताने तपासून ठेवा. मास्क बाळाच्या मापाचा आहे का, बॅग दाबल्यावर हवा गळते का. त्या मिनिटाला कपाटं उघडत बसायला वेळ नसतो.

एक्लॅम्पसियाला, म्हणजे बीपी वाढून गरोदर बाईला झटके आले तर, मॅग्नेशियम सल्फेट. ५० टक्क्यांची २ मिलीची ॲम्प्युल म्हणजे १ ग्रॅम. प्रिचर्ड पद्धतीत आधी ४ ग्रॅम शिरेतून, २० टक्के करून: चार ॲम्प्युल, म्हणजे ८ मिली औषध आणि १२ मिली सलाईन. मग दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, आणि पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम, कुल्ला बदलून. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याचा झटका येतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, लघवी तासाला ३० मिलीच्या वर आहे का. एकही बसली नाही तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची ॲम्प्युल ट्रेमध्ये आधीपासून असलीच पाहिजे.

आपल्या भागातली इमर्जन्सी

ऊस, भात आणि जंगल. यातून येणारे पेशंट पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत कमी आणि आपल्या कॅज्युअल्टीत जास्त.

साप चावलेला माणूस आला की कोरड्या, स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं. रक्त पातळच राहिलं तर विष रक्तात भिनलंय. प्लॅस्टिकची ट्यूब किंवा साबणाने धुतलेली काच घेतली की चाचणी खोटी निघते. ही चूक सर्रास होते. अँटिस्नेक व्हेनमचा पहिला डोस बहुधा १० व्हायलचा. तो सुरू करण्याआधी ॲड्रेनालिन भरून हाताशी ठेवायचं. पापण्या जड होतायत का, मान धरता येते का, एका श्वासात किती आकडे मोजता येतात, हे दर थोड्या वेळाने बघणं हे नर्सचं काम. घट्ट बांधलेली दोरी एकदम कापू नका, डॉक्टर शेजारी असतानाच सैल करा.

कीटकनाशक प्यायलेल्याचे कपडे आधी काढा, अंग साबणाने धुवा, आणि हे करताना स्वतः हातमोजे घाला. ॲट्रोपीन चढवताना छाती मोकळी झाली का, नाडी ८० च्या वर गेली का, काख कोरडी झाली का, हे बघायचं. नुसत्या बाहुल्यांच्या आकारावर भरवसा ठेवू नका. पुढे ताप चढला, पेशंट बरळायला लागला, लघवी अडली, तर ॲट्रोपीन जास्त झालंय. आणि हा पेशंट शुद्धीवर आला की त्याच्याशी बोलायला कुणी नसतं. नातेवाईक चिडलेले, पोलीस जबाब घ्यायला उभे. पाच मिनिटं शेजारी बसा. एकटं सोडू नका, खिडकीजवळचा बेड देऊ नका.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातला तापाचा पेशंट असेल तर काजूच्या बागेत कामाला गेला होता का, जंगलात मेलेलं माकड दिसलं होतं का, अंगावर गोचीड सापडली का, हे विचारा. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात माकडताप सापडला. दोन्ही तालुके आपल्याला लागूनच आहेत आणि मजूर तिकडे जातात-येतात.

आयसीयू आणि धारवाड

आयसीयूत मशीनकडे बघायच्या आधी पेशंटकडे बघायचं, एवढं जमलं तर पहिली पोस्टिंग यशस्वी. डोकं ३० ते ४५ अंश वर, सक्शन १५ सेकंदांच्या आत, श्वासनलिकेतल्या ट्यूबच्या कफचा (टोकाजवळच्या फुग्याचा) दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी. एबीजीचे (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचे) तीन आकडे पाठ असू द्या: पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६. डॉक्टरांना फोन करताना कोण पेशंट, आत्ता काय झालं, आधीचं काय, मला काय वाटतं, काय हवंय, या क्रमाने बोला. "सर, पेशंट बरा दिसत नाही" एवढ्यावर कुणी धावत येत नाही.

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला बेळगावकडच्या बऱ्याच बॅचेस धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत जातात. मुलींना पहिले दोन दिवस भीती वाटते, तिसऱ्या दिवशी जाते. जाण्याआधी २०१७ चा मेंटल हेल्थकेअर कायदा वाचा. भूल न देता शॉक देणं आणि पेशंटला एकटं कोंडून ठेवणं त्यात बंद केलंय. बांधून ठेवण्यालाही कडक अटी आहेत. "लागिर झालंय, बाहेरचं आहे" असं घरचे म्हणाले तर हसू नका, वादही घालू नका. कधीपासून, काय दिसतं, कुणाकुणाकडे नेलं, हे विचारा. इतिहास आपोआप मिळतो.

गावातली पोस्टिंग

किणये किंवा वंटमुरीसारख्या गावात जाताना ॲप्रन, बॅग आणि फॉर्म सगळ्यांकडे असतो. कमी पडते ती चप्पल काढून ओसरीवर बसायची तयारी. आशाताईंना बरोबर घ्या. कुठल्या घरात सून बोलेल आणि कुठल्या घरात आधी सासूची परवानगी लागेल, हे त्यांना माहीत असतं. चहाला नाही म्हणू नका. पाणी कुठून भरता, उकळता का, संडास आहे तो वापरात आहे की सरपण ठेवायला, हे चहा पितापिताच विचारून होतं.

भीमगड अभयारण्यातल्या गावांत पावसाळ्यात गाडी पोचत नाही. तिथल्या गरोदर बाईचा बर्थ प्लॅन कागदावर '१०८ ला फोन करणे' असा लिहिला तर तो निकामी. नववा महिना लागला की रस्त्याकाठच्या कुठल्या नातेवाइकाकडे येऊन राहणार, रात्री उचलून आणायला कोण, पैसे कुणाजवळ, रक्त कोण देणार, हे नावानिशी लिहा.

रिसर्च प्रोजेक्टचा विषयही इथूनच उचला. विडी कामगार बायकांची पाठदुखी, ऊसतोड कामगारांच्या मुलांचं लसीकरण. प्रश्नावली मराठीत आणि कन्नडमध्ये करून, दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घेऊन ताडा. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, माहिती गोळा करणं नंतर.

स्वतःला जपा

हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १, ६ महिने) पूर्ण करा आणि महिना-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) बघा, १० च्या वर पाहिजे. सुई टोचली तर जागा पिळायची नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ओरडा बसेल म्हणून लपवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, नळ्या आणि हातमोजे लालमध्ये, रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात. टोपण परत बसवायच्या सवयीतून बऱ्याच सुया टोचतात.

परीक्षा

ओस्कीच्या (स्टेशन-स्टेशनवर कौशल्य तपासणाऱ्या परीक्षेच्या) स्टेशनवर तोंड बंद ठेवून काम करू नका. हात धुतला, ओळख पटवली, संमती घेतली, हे बोलून दाखवलं तरच परीक्षकाला कळतं. मित्रांनी चेकलिस्ट धरून एकमेकांची वेळ लावून सराव करायचा. व्हायव्हाला इंग्रजी अडलं तर छोटी वाक्यं बोला, पण गप्प राहू नका.

पदवीनंतरचे कागद

आधी ज्या राज्यात शिकलात त्या राज्याची नोंदणी, म्हणजे कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिल, बेंगळुरू. कोल्हापूर, सांगली, पुण्यात नोकरी करायची तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी वेगळी करावी लागते. त्यासाठी आधीच्या कौन्सिलकडून पडताळणी जाते आणि त्यात वेळ लागतो. नोकरी लागल्यावर अर्ज करू म्हणणाऱ्यांची जॉइनिंगची तारीख हुकते. राष्ट्रीय नोंदणीचा एनयूआयडी क्रमांकही काढून ठेवा. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा झालाय, त्यामुळे नियम बदलत राहतील. अर्जाआधी कौन्सिलची साईट बघायची.

पुढे शिकायचं तर एम.एस्सी.ला पदवीत ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. क्रिटिकल केअरची ओढ असेल तर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आहे. हातातलं कौशल्य वाढवायला एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत: ऑन्कॉलॉजी, निओनेटल, ऑपरेशन थिएटर. जीएनएमवाल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. एम्सची नॉरसेट ही नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा २०२० पासून होते. बी.एस्सी.ला अनुभवाची अट नाही, जीएनएमला दोन वर्षांचा लागतो. कर्नाटक सरकारच्या भरतीला सक्तीचा कन्नड पेपर असतो, त्यामुळे वॉर्डातलं कन्नड लिहितावाचताही यायला हवं.

आणि आपल्या सीमाभागाचं खास दुखणं: नाव. दहावीच्या मार्क्स कार्डवर नाव आणि आडनाव, आधारवर आडनाव आधी, वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर, आणि महाराष्ट्राच्या फॉर्मवर आडनाव-नाव-वडिलांचं नाव असे तीन रकाने. इंग्रजी स्पेलिंगमध्येही एखादा 'ए' कमी-जास्त. सातव्या सेमिस्टरच्या सुट्टीत सगळे कागद एका टेबलावर मांडून बघा. जमेल ते आधारवर दुरुस्त करा, उरलेल्यासाठी एकच ॲफिडेव्हिट करून त्याच्या पाच-सहा नोटरी प्रती काढून फाईलमध्ये ठेवा. इंटर्नशिप सुरू झाल्यावर कचेरीत रांगेला उभं राहायला आठवड्यातला एक दिवसही मोकळा मिळत नाही.